पायथनमध्ये सेव्ह केलेली वेचणीची लिस्ट कोटलिन आणि जावास्क्रिप्टमध्ये लोड कशी करायची?

पांढरं_सोनं (दारव्हा तालुका)

राम राम मंडळी. कापसाची वेचणी सुरू झाली, अन् यंदा हिशोबाची वही लॅपटॉपवर आणली. पायथनमध्ये दोन क्लास (नोंदीचे साचे) केले, मजूर आणि वेचणी. मजुरात नाव, गाव, उचल. वेचणीत तारीख, वावर, किलो, दर आणि ज्याने वेचला तो मजूर, म्हणजे सरळ मजुराचा ऑब्जेक्टच (साच्यातून बनलेली नोंद). सगळ्या वेचण्या एका लिस्टमध्ये घालून ती लिस्ट पिकलनं (पायथनची स्वतःची सेव्ह-लोडची सोय) फायलीत टाकतो. दोन ओळींचं काम. दुसऱ्या दिवशी लोड केली की लिस्ट जशीच्या तशी हजर.

आता चुलतभाऊ कोटलिनमध्ये मोबाईलचं अॅप बनवून रायला, म्हणजे काट्यावर वजन झालं की वावरातच नोंद. त्याले माझी फाईल वाचताच येत नाही. घरच्या पोरीले तीच यादी ब्राउझरमध्ये दाखवायची आहे, ते जावास्क्रिप्ट. तीन भाषा, यादी एकच. प्रत्येक भाषेची सेव्ह-लोडची सोय वेगळी दिसते अन् एकीची दुसरीले चालत नाही. वावरात नेट नाही, फाईल ब्लूटूथनं नाहीतर संध्याकाळी व्हॉट्सअॅपवर येते. कसं करावं?

मुनीम_हिंगणघाट

सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामानं रकाने तोडलेली साधी फाईल. एक्सेलमध्ये उघडते, जिनिंगच्या मुनीमापासून बँकेच्या क्लार्कपर्यंत सगळ्यांले समजते. एवढ्याशा कामाले क्लास अन् ऑब्जेक्ट कायले पाह्यजेत बाप्पा?

सेमीकोलन_ताई (मूळ आर्वी, सध्या नागपूर)

मुनीमभाऊंच्या सीएसव्हीकडे नंतर येते. आधी पिकलचं पाहू, कारण पुढचं सगळं तिथूनच सुटतं.

पिकल तुमची माहिती लिहून ठेवतं, पण ती पायथनच्या भाषेत. फायलीत साधारण असं असतं: अमुक मॉड्यूलमधला (कोडच्या फायलीतला) ‘वेचणी’ नावाचा क्लास घे, त्याचा ऑब्जेक्ट उभा कर, त्यात या किमती भर. क्लासचा कोड फायलीत नसतोच, फक्त त्याचा पत्ता असतो. त्यामुळे कोटलिन सोडा, तुम्ही स्वतः उद्या मॉड्यूलचं नाव बदललं तरी जुनी फाईल लोड होणार नाही. जावाचीही अशीच स्वतःची पद्धत आहे, १९९७ च्या जेडीके १.१ पासून. तिथे क्लासला आवृत्तीचा एक नंबर असतो, तो जुळला नाही की लोड करताना सरळ एक्सेप्शन येतं. सी-शार्पवाल्यांकडे बायनरीफॉरमॅटर होतं, ते २०२४ च्या डॉटनेट ९ मधून काढूनच टाकलं. पीएचपी, रुबी, गो, सगळ्यांकडे आपापलं काहीतरी आहे. या सगळ्या सोयी एकाच गृहीतकावर चालतात: लिहिणारा आणि वाचणारा एकच प्रोग्राम आहे. तुमच्याकडे ते गृहीतक मोडलंय.

आणि दादा, फाईल व्हॉट्सअॅपवरून येते म्हणालात. मग पिकल आजच बंद करा. पिकलची फाईल लोड होताना तिच्यात लिहिलेलं कोणतंही फंक्शन चालू शकतं. पायथनच्या अधिकृत माहितीत पिकलच्या पानावर अगदी वरच इशारा दिलाय की विश्वासाची नसेल ती फाईल लोड करू नका. कुणी खोडसाळपणा केलेली फाईल उघडली तर यादी दिसायच्या आधीच लॅपटॉपवर काय होईल ते होईल. बायनरीफॉरमॅटर काढण्यामागचं कारणही हेच.

तेव्हा ऑब्जेक्ट सेव्ह करायचा विचार सोडा. ऑब्जेक्टमधली माहिती सेव्ह करा आणि प्रत्येक भाषेने तिच्यातून आपापले ऑब्जेक्ट पुन्हा उभे करावेत. त्यासाठी जेसन, म्हणजे माहिती साध्या मजकुरात लिहायची पद्धत. तिन्ही भाषांत वाचता येतं, नोटपॅडमध्ये डोळ्यांनी दिसतं. त्यात असतात फक्त स्ट्रिंग (मजकूर), संख्या, खरं-खोटं, नल (काहीच नाही), यादी आणि नावं-किमतींच्या जोड्या. बस. तारीख नाही, क्लास नाही, मेथड नाही. हे तोकडेपण आहे म्हणूनच ते सगळीकडे चालतं.

आता खरी मेख. तुमच्या वेचणीत मजुराचा ऑब्जेक्टच बसलाय. पिकल हे सांभाळतं: एकच मजूर चाळीस वेचण्यांत असला तरी लोड झाल्यावर तो एकच राहतो. जेसनमध्ये तसंच लिहिलंत तर शांताबाई चाळीस वेळा लिहिल्या जातील आणि लोड केल्यावर चाळीस वेगवेगळ्या शांताबाई तयार होतील. एकीच्या नावावर उचल वाढवली की बाकी एकोणचाळीस जुन्याच. म्हणून दोन लिस्ट करा आणि वेचणीत मजुराचा फक्त आयडी ठेवा. वहीत तरी आपण काय करतो? खाते पान नंबर लिहितो, माणसाची कुंडली परत परत मांडत नाही.

{
"आवृत्ती": १,
"मजूर": [
{"आयडी": "म-०७", "नाव": "शांताबाई", "उचल_पैसे": ५००००}
],
"वेचण्या": [
{"आयडी": "फो१-०००२३", "मजूर": "म-०७", "तारीख": "२०२५-११-०३", "ग्रॅम": १८५००, "दर_पैसे": १०००}
]
}

(इथे वाचायला सोपं जावं म्हणून आकडे देवनागरीत टाकलेत. खऱ्या फायलीत इंग्रजी आकडेच हवेत. कोट नसलेला देवनागरी आकडा जेसनमध्ये संख्या म्हणून चालत नाही.)

किलोऐवजी ग्रॅम आणि रुपयांऐवजी पैसे का? दोन्ही पूर्ण संख्या राहतात म्हणून. अपूर्णांक बायनरीत नेमके बसत नाहीत. ०.१ आणि ०.२ ची बेरीज पायथन आणि जावास्क्रिप्ट दोन्हीकडे ०.३०००००००००००००००४ येते. मजुरीच्या हिशोबात हे भांडणाचं कारण.

पांढरं_सोनं

ताई, लय उपकार. दोन लिस्टचं पटलं. पण लोड करताना काय? पायथनमध्ये जेसन वाचलं तर वेचणीचा ऑब्जेक्ट येत नाही, नुसती डिक्शनरी (नावं-किमतींच्या जोड्या) येते. तिच्यावर माझी मजुरी काढायची मेथड (क्लासमधलं फंक्शन) चालत नाही.

सेमीकोलन_ताई

बरोबर, येणारच नाही. डिक्शनरीतून ऑब्जेक्ट बनवायचं काम आपलं. पायथन ३.७ पासून डेटाक्लास आहे. लिहिताना ‘अ‍ॅझडिक्ट’ वापरून डिक्शनरी करा, वाचताना लिस्टवर लूप फिरवून एकेक डिक्शनरी क्लासला द्या. तारीख तेवढी स्वतः हाताने स्ट्रिंगमधून डेट करा. आधी मजूर लोड करा, आयडीवरून मजूर सापडेल अशी डिक्शनरी करून ठेवा, मग वेचण्या.

चुलतभाऊंना विचारा ते जीसन (जेसन नव्हे; जेसन वाचणारी जावाची लायब्ररी) वापरतायत का. असेल तर दोन खोड्या सांगून ठेवते. जावाच्या जगात (अॅन्ड्रॉईडवरचं कोटलिनही त्यातलंच) ‘वेचण्यांची लिस्ट’ मधला ‘वेचण्यांची’ हा भाग प्रोग्राम चालताना पुसला जातो. नुसतं लिस्ट म्हणून लोड केलं तर वेचणी न येता मॅपांची (म्हणजे डिक्शनरींची) लिस्ट येते आणि त्यात प्रत्येक संख्या दशांशाची होते. मजुराचा दहा आकडी मोबाईल नंबर संख्या म्हणून ठेवला असेल तर तो ९.८-काहीतरी-ई-९ असा दिसतो. टाईपटोकन देऊन लिस्टचा पूर्ण प्रकार सांगावा लागतो. दुसरी खोडी कोटलिनची: नल चालणार नाही असं सांगितलेल्या फील्डमध्येही जीसन गुपचूप नल घालतं, कारण ते कन्स्ट्रक्टरला वळसा घालून जातं. आणि अॅप भलत्याच ठिकाणी कोसळतं. नवीन काम आहे तर कोटलिनचं स्वतःचं कोटलिनएक्स सिरियलायझेशन घ्या.

गुरुजी_निवृत्त (दर्यापूर)

मी अलीकडेच पायथन शिकू लागलो आहे, प्रश्न बाळबोध वाटल्यास क्षमस्व. जेसनमध्ये नावे लिहिली तर फायलीत मराठी दिसतच नाही. बॅकस्लॅश, मग इंग्रजी यू आणि चार आकडे-अक्षरे, अशी लांबच लांब रांग दिसते. मराठी बिघडली असे समजावे काय?

सेमीकोलन_ताई

नाही गुरुजी, काही बिघडलेलं नाही. पायथन मुद्दाम तसं लिहितं, जुन्यापुराण्या यंत्रणेतूनही फाईल सुखरूप जावी म्हणून. कोटलिन किंवा जावास्क्रिप्ट ते वाचून परत ‘शांताबाई’च देतं. डोळ्यांना मराठी दिसायला हवी असेल तर सेव्ह करताना ‘एन्शुअर आस्की’ हा पर्याय बंद करा आणि फाईल उघडताना एन्कोडिंग (अक्षरं बाइटमध्ये लिहायची पद्धत) यूटीएफ-८ असं स्पष्ट लिहा. विंडोजवर ते नाही लिहिलं तर पायथन विंडोजचं आपलं एन्कोडिंग धरतं आणि पहिल्याच मराठी अक्षराला एरर देतं. जेसनच्या २०१७ च्या मानकातही देवाणघेवाणीला यूटीएफ-८ च हवं असं म्हटलंय.

धानपट्टा_पीएचपी (गोंदिया)

मराठीचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. नावावरून मजूर शोधायचा नाही, आयडीवरूनच शोधायचा, याचं एक कारण ताईंनी सांगितलं. दुसरं मी सांगतो.

‘वऱ्हाडे’ हे आडनाव घ्या. त्यातला तो अर्धा र दोन प्रकारे टाईप होतो. एका कीबोर्डवर ऱ हे स्वतंत्र अक्षर आणि हलंत. दुसऱ्यावर साधा र, हलंत आणि मध्ये झेडडब्ल्यूजे नावाचं न दिसणारं अक्षर. पडद्यावर दोन्ही डिट्टो सारखे. तुलना केली की वेगळे! लॅपटॉपवर टाकलेली वऱ्हाडेबाई आणि मोबाईलवर टाकलेली वऱ्हाडेबाई प्रोग्रामच्या लेखी दोन बाया. युनिकोडचं नॉर्मलायझेशन (एकच अक्षर लिहायच्या वेगवेगळ्या तऱ्हा एकसारख्या करणं) करून पाहिलं तरी हा फरक जात नाही, कारण ते झेडडब्ल्यूजेला हात लावत नाही. र खाली नुक्ता देऊन केलेला ऱ मात्र त्यानं जुळतो.

आमच्याकडे सेवा केंद्रात जुन्या याद्या श्रीलिपीत (युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमध्ये) टाईप केलेल्या येतात, त्यांचं तर बोलूच नका. त्या युनिकोडमध्ये आणल्याशिवाय जेसन काय अन् काय काय.

आणि पीएचपीच्या सिरियलाइझबद्दल एक ओळ: ते प्रत्येक स्ट्रिंगची लांबी बाइटमध्ये लिहून ठेवतं. ‘शेतकरी’ म्हणजे अठरा बाइट, देवनागरीच्या एका चिन्हाला तीन. कुणी ती फाईल नोटपॅडमध्ये उघडून एक वेलांटी सुधारली तर मोजणी चुकते आणि अख्खी लिस्ट लोड होत नाही. जेसनला असलं काही नाही.

मुनीम_हिंगणघाट

तुमचं सगळं वाचलं. पण शेवटी मजुरी बँकेत टाकाची म्हणजे एक्सेलच लागन ना? मग सुरुवातीपासूनच सीएसव्ही का नको? आमच्या जिनिंगमध्ये सगळं त्याच्यावरच चालते.

धानपट्टा_पीएचपी

चालते भाऊ, पण कसं चालते तेही सांगा ना. एक्सेल संख्येचे पंधराच आकडे धरते. सोळा-सतरा आकडी खाते नंबर उघडला की शेवटचे आकडे शून्य. समोरचं शून्य असलं तर तेही गायब. गट नंबर १२/२ लिहिला की त्याची तारीख होते. आणि एकदा सेव्ह केलं की फायलीतही तेच जाते, मग मूळ कुठून आणणार?

सीएसव्हीचा दोष नाही तो. २००५ मध्ये आरएफसी ४१८० मध्ये तिचा साधारण साचाही लिहून ठेवला आहे. पण सीएसव्हीत सगळं अक्षरंच, कोणतं संख्या, कोणतं तारीख, हे वाचणारा आपल्या मनानं ठरवते.

मुनीम_हिंगणघाट

गट नंबरचं खरं आहे, मान्य. तरी मी म्हणतो बँकेले द्यायची यादी सीएसव्हीच पाह्यजे.

सेमीकोलन_ताई

द्या की, कोण नाही म्हणतंय. जेसन मूळ ठेवा, सीएसव्ही त्यातून दरवेळी नवीन काढा. फक्त सीएसव्हीत दुरुस्ती करून ती परत लोड करायची नाही. लिहिताना एन्कोडिंग ‘यूटीएफ-८-सिग’ द्या, म्हणजे सुरुवातीला बीओएम (यूटीएफ-८ ची खूण) लागतो आणि एक्सेलमध्ये मराठीचा कचरा दिसत नाही. खाते नंबर जेसनमध्येही स्ट्रिंगच. जावास्क्रिप्ट ९००७१९९२५४७४०९९१ च्या पुढे नेमक्या संख्येची हमी देत नाही.

पांढरं_सोनं

मंडळी, जेसन चालू केलं. चुलतभावाच्या अॅपातून फाईल आली, माझ्याकडे लोडही झाली. पण एक भानगड आहे. यादी तारखेनं लावली की मोबाईलवरच्या सगळ्या नोंदी तळाशी जातात. आजची असो की दसऱ्याची, मोबाईलची असली की तळाशीच. अन् पोरीच्या पानावर त्याच नोंदींच्या तारखेच्या जागी ‘इनव्हॅलिड डेट’. लॅपटॉपवरच्या नोंदी व्यवस्थित.

धानपट्टा_पीएचपी

चुलतभावाचा फोन मराठीत आहे का?

पांढरं_सोनं

हाव, मराठीतच आहे. त्याचा काय संबंध?

सेमीकोलन_ताई

तोच संबंध! जेसन नोटपॅडमध्ये उघडून तारखा नीट बघा, आकडे देवनागरी असतील.

फोनची भाषा मराठी असली की अॅन्ड्रॉईडवर सिंपलडेटफॉरमॅट किंवा स्ट्रिंग फॉरमॅट फोनच्या लोकेलप्रमाणे (भाषा-प्रदेशाच्या सेटिंगप्रमाणे) आकडे काढतं आणि मराठी लोकेलचे आकडे देवनागरी असतात. युनिकोडमध्ये देवनागरी आकडे इंग्रजी आकड्यांच्या बरेच नंतर येतात, म्हणून स्ट्रिंग म्हणून क्रम लावला की ते सगळे खाली. गंमत अशी की पायथनचं ‘इंट’ देवनागरी १२ ला बिनतक्रार बारा म्हणतं, जावा-कोटलिनही म्हणतं, जावास्क्रिप्ट मात्र ‘नॅन’ (म्हणजे ‘संख्या नाही’) देतं. म्हणून तीन भाषांत तीन लक्षणं दिसतात आणि माणूस भलतीकडेच शोधत बसतो.

उपाय अॅपात करायचा: फायलीसाठी तारीख बनवताना लोकेल.रूट द्या, नाहीतर लोकलडेट वापरून त्याचं सरळ टू-स्ट्रिंग घ्या, ते नेहमी वर्ष-महिना-दिवस इंग्रजी आकड्यांतच देतं. पडद्यावर मराठी आकडे दाखवा, खुशाल दाखवा. फायलीत नकोत. आधीच आलेल्या फायलींसाठी पायथनमध्ये लोड करताना आकडे बदलून घ्या, स्ट्रिंगच्या ‘ट्रान्सलेट’नं एका ओळीत होईल.

आणि मुलीला सांगा, जावास्क्रिप्टच्या डेट ऑब्जेक्टला थेट जेसन करू नकोस. ते यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) लिहितं. आपण साडेपाच तास पुढे, त्यामुळे ३ नोव्हेंबरची मध्यरात्र फायलीत २ नोव्हेंबर संध्याकाळी साडेसहा अशी जाते. पहिली दहा अक्षरं कापून तारीख घेतली की वेचणी एक दिवस मागे.

पांढरं_सोनं

देवनागरीच निघाले ताई. शंभर टक्के.

बायनरी_बुवा (वणी)

सगळे जेसन जेसन करताय म्हणून विचारतो, एसक्यूलाइट (एका फायलीत मावणारा डेटाबेस) का नाही? २००० सालचं आहे, पायथनमध्ये आत बसवलेलं येते, अॅन्ड्रॉईडमध्ये येते. २००४ मध्ये तिसरी आवृत्ती आली तेव्हापासूनची फाईल आजही उघडते. अर्धवट लिहिताना लाईन गेली तरी फाईल शाबूत. तुमचं जेसन पूर्ण फाईल पुन्हा लिहिते; मध्येच लॅपटॉप बंद पडला तर अर्धी फाईल अन् सीझनचा हिशोब गेला.

(आमच्या काळात सीमध्ये स्ट्रक्ट उचलून तसंच डिस्कवर टाकायचो. त्यात नावाचा पॉइंटर असला तर नावाऐवजी मेमरीतला पत्ताच सेव्ह व्हायचा. तुमच्या पोरांले ते दुखणं माहीतच नाही.)

सेमीकोलन_ताई

बुवा, एका मशीनवर ठेवायला एसक्यूलाइट जेसनपेक्षा चांगलंच, वाद नाही. पण इथे दोन ठिकाणी नोंदी होतात आणि फाईल व्हॉट्सअॅपवर फिरते. दोन डेटाबेस एकत्र करण्यापेक्षा दोन याद्या एकत्र करणं दादांना सोपं जाईल. लॅपटॉपवर एसक्यूलाइट आणि ये-जा करायला जेसन असंही जमेल, पण या सीझनला नको.

लाईन जाण्याचं मात्र अगदी खरं. दादा, थेट मूळ फायलीवर लिहू नका. शेजारी तात्पुरत्या नावाने पूर्ण फाईल लिहा, बंद करा, मग ‘ओएस रिप्लेस’नं मूळ नावावर आणा. मध्ये काही झालं तरी जुनी फाईल जागेवर राहते. अॅपात तर मी आणखी साधं करेन: एका ओळीत एक वेचणी, नवीन नोंद आली की शेवटी एक ओळ जोडायची. बॅटरी संपली तर फार तर शेवटची ओळ अर्धी राहील, वरच्या सगळ्या वाचता येतील. अशा फायलीला जेसन लाइन्स म्हणतात.

एकत्र करताना आयडी बघा. एकच फाईल दोनदा आली, व्हॉट्सअॅपवर येतेच, तरी त्याच आयडीची वेचणी दुसऱ्यांदा घ्यायची नाही. म्हणूनच वर आयडीत ‘फो१’ टाकलंय. लॅपटॉपच्या नोंदींना ‘लॅ१’ द्या, म्हणजे दोघांचे नंबर एकमेकांवर आदळणार नाहीत.

बायनरी_बुवा

हे जमते. अन् फील्ड वाढलं तर? उद्या ओलाव्याचा टक्का लिहाचा म्हटलं तर?

सेमीकोलन_ताई

म्हणून वर ‘आवृत्ती’ ठेवलीय. नवीन फील्ड जुन्या फायलीत नसणार, तेव्हा लोड करताना त्याची ठरलेली किंमत धरायची. उलट बाजूला, नवीन फाईल जुन्या अॅपात गेली तर कोटलिनएक्स अनोळखी फील्ड दिसताच एरर देतं. ‘इग्नोअर अननोन कीज’ चालू केलं की गप्प बसतं. पण गप्प बसण्यातही धोका आहे: जुन्या अॅपानं ती फाईल लोड करून परत सेव्ह केली की ओलावा पुसला गेला, आणि कुणाला कळलंही नाही. त्यामुळे अॅपानं फक्त नवीन नोंदी द्याव्यात, पूर्ण यादी परत लिहून देऊ नये.

जुन्या फील्डचं नाव नव्या अर्थाने वापरू नका. प्रोटोकॉल बफर्समध्ये, म्हणजे गूगलनं २००८ ला खुल्या केलेल्या माहिती साठवायच्या पद्धतीत, फील्डला नंबर असतात आणि काढून टाकलेला नंबर पुन्हा वापरू नये असा नियमच आहे. तुम्हाला ते इतक्यात लागणार नाही, नियम मात्र उचला.

गुरुजी_निवृत्त

ताई, एक शंका. दर प्रत्येक वेचणीत का लिहिला आहे? मजुराच्या नोंदीत एकदा लिहिला असता तर पुनरावृत्ती टळली असती. उचल तशीच ठेवली आहे ना?

पांढरं_सोनं

याचं उत्तर मीच देतो गुरुजी. दर मजुराचा नसते, त्या दिवसाचा असते. पहिल्या वेचणीले पऱ्हाटीवर बोंडं भरपूर फुटलेली, किलो भराभर होते, तेव्हा दर कमी. शेवटच्या वेचणीले फरदडीत दिवसभर फिरून कापूस थोडाच निघते, तेव्हा बाया दर वाढवून मागतात अन् द्यावाच लागते. मजुराच्या नोंदीत दर ठेवला अन् जानेवारीत वाढवला तर दिवाळीच्या वेचणीची मजुरीही नव्या दरानं निघन.

सेमीकोलन_ताई

हेच. आणि याच न्यायाने उचलीचीही वेगळी लिस्ट करा दादा. मी वर मजुरात एकच आकडा टाकलाय तो नमुन्यापुरता. तारीख, रक्कम, मजुराचा आयडी, एवढं पुरे. शिल्लक सेव्ह करायची नाही, दरवेळी लोड झाल्यावर वेचण्या आणि उचलींतून काढायची. ‘आवृत्ती’ २ करा आणि १ ची फाईल आली तर जुना उचल आकडा पहिली उचल म्हणून नवीन लिस्टमध्ये टाका.

मुनीम_हिंगणघाट

उचलीची यादी झाली की सीएसव्हीत तिचाही कॉलम टाका बा. आठवडी बाजाराच्या आदल्या दिवशी बाया तेच आधी विचारतात.